इश्श, उखाणा आणि एग्यो

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी भाईंदरहून चर्चगेटला निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात हळदीकुंकू चाललं होतं. दांड्यांना झेंडूच्या माळा, पर्समधून निघालेले तिळगुळाचे डबे, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या गाळण्या. नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीला बायकांनी घेरलं, "नाव घे गं!" तिनं दोनदा "नाही हं" म्हटलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिसऱ्या आग्रहाला उखाणा घेतला. मग फोटो. शेजारच्या मैत्रिणीनं दोन्ही तळहात हनुवटीखाली धरून चेहऱ्याचं फूल केलं, गाल फुगवले. "काकू, याला एग्यो म्हणतात. कोरियन," तिनं मला सांगितलं. बायकांच्या बोलण्यातल्या लकबी टिपून ठेवायची मला जुनी खोड आहे. त्या दिवशी वहीत उखाणा आणि एग्यो एकाच पानावर आले.

एग्यो हा दोन चिनी अक्षरांपासून बनलेला शब्द. पहिल्याचा अर्थ प्रेम, दुसऱ्यात मोहकपणाची छटा. आपला 'लडिवाळपणा' त्याच्या बराच जवळचा. जीभ आखूड असल्यासारखं बोबडं बोलायचं, वाक्याअखेरच्या 'यो'चा नाकातून 'योंग' करायचा, मुठी डोळ्यांशी नेऊन रडल्याचं सोंग करायचं. २०१३ मध्ये हारी नावाच्या गायिकेचं 'ग्वियोमी' गाणं गाजलं, त्यात तर बेरजा मोजत बोटं गालाला लावायची होती. टीव्हीवर पाहुण्या आलेल्या गायकांना "एग्यो करून दाखव" अशी फर्माईश होते, आणि त्यातून मुलगेही सुटत नाहीत. पाहुणा आधी लाजतो, नाही म्हणतो, मग करतो. ते नाही म्हणणंही खेळातलंच. आपण त्याला आढेवेढे म्हणतो.

(एक गोष्ट मात्र मराठी माणसाला पचायची नाही. तिथं मुली ज्या 'ओप्पा' शब्दानं थोरल्या भावाला हाक मारतात, त्याच शब्दानं प्रियकरालाही. आपल्याकडे 'दादा' म्हटलं की विषय संपला.)

आमच्या आजीच्या पिढीचं एग्यो म्हणजे 'इश्श' आणि 'अय्या'. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरणं, ओठांचा चंबू, लटका राग, 'जा बाई!' एरवी नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, त्याच्याविषयी 'इकडून' म्हणून बोलायचं. आणि ठरलेल्या प्रसंगी तेच नाव चारचौघांत, यमकात, लाजत घ्यायचं. इश्श आता नकलेपुरता उरला. उखाणा मात्र टिकला, आणि हल्ली नवरदेवालाही घ्यावा लागतो.

हे सगळं बाईच्या रक्तातच असतं, असं मानायची आपली रीत जुनी आहे. नाट्यशास्त्रात स्त्रियांचे दहा 'स्वभावज' अलंकार सांगितले आहेत. आनंदाच्या भरात हसू, रडू, राग, भीती एकदम दाखवणं म्हणजे किलकिंचित. हवी ती गोष्ट मिळूनही गर्वानं तिचा अनादर करणं म्हणजे बिब्बोक. मला गंमत वाटते ती याची, की ग्रंथ नटनटींना शिकवण्यासाठी लिहिलेला! स्वभावातलंच असेल, तर शिकवायचं कशाला?

मराठी रंगभूमीनं याचं उत्तर दिलेलंच आहे. बालगंधर्व पुरुष, पण साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून शिकल्या. आणि सुलोचना चव्हाण. आचार्य अत्र्यांनी ज्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहून गात. हात नाही, डोळे नाहीत, ठुमका तर नाहीच. सगळा नखरा शब्दाच्या फेकीत. ती फेक त्यांचे पती श्यामराव चव्हाण यांनी त्यांच्याकडून घोटून घेतलेली. गाणं संपलं की नखराही संपला. तो त्यांच्या गळ्याचा होता, स्वभावाचा नव्हे.

पण ज्यांना हे जमत नाही त्यांचं काय? माझ्या लग्नात मी उखाणा शाळेत कविता म्हणावी तसा, सरळ समोर बघून म्हटला. "मुलगी फटकळ दिसते," हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं माझ्या मागं होतं. कोरियनमध्ये अशा रुक्ष माणसासाठी 'मुत्तुक्तुक' असा शब्द आहे. तो वाचला तेव्हा माझं बारसं झाल्यासारखं वाटलं. तिथंही कचेरीतल्या तरुण मुलीनं वरिष्ठांशी थोडं लाडिक असावं, अशी अपेक्षा असतेच. २०१८ च्या सुमारास कितीतरी कोरियन मुलींनी केस बारीक कापले, प्रसाधनं फोडून टाकली, त्या चळवळीचा रोख मुख्यतः दिसण्याच्या सक्तीवर होता. गोड वागण्याची सक्ती तिची सख्खी बहीण.

डब्यातल्या त्या मुलीला मी विचारलं, घरी करतेस का हे? "पप्पांकडून काही हवं असेल तरच," ती म्हणाली. म्हणजे लाडीगोडी! ज्याला मागावं लागतं त्याची ही भाषा. एवढ्यात अंधेरी आलं. तिनं बॅग पोटाशी धरली, कोपर पुढं काढलं आणि खड्या आवाजात ओरडली, "उतरायचंय, सरका!"