कोकणच्या बागेतले विद्यापीठ

स्थापना : दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, १९७२. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते.

आंबा : हापूसची चव अवीट, पण फळात साका (गर स्पंजासारखा होण्याचा दोष) होतो आणि झाड एक वर्षाआड धरते. त्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून अगदी पातळ कोय असलेला ‘सिंधू’ आला.

काजू : विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती बाहेर पडल्या. त्यांपैकी ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ बागायतदारांच्या विशेष पसंतीच्या आहेत.

कोकम आणि जायफळ : बियांपासून लावलेल्या रोपांत नर किती, मादी किती, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. कित्येक वर्षे सांभाळलेले झाड नर निघाले, तर फळच नाही. फळ देणाऱ्या खात्रीच्या झाडाच्या काडीपासून बांधलेले कलम हा धोका टाळते. ‘कोकण अमृता’ हे कोकम आणि ‘कोकण सुगंधा’ हे जायफळ विद्यापीठाचेच.

गावाशी नाते : कृषी पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात गावी जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करतात. कृषी विज्ञान केंद्रे प्रशिक्षण आणि शेतावरील प्रात्यक्षिके घेतात.

वाचकांसाठी : या पावसाळ्यात लागवड करणार असाल, तर जातीची खात्री असलेली कलमे विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या.