विवाहाचा संस्कार आणि विवाहाची नोंद

विवाह हा शब्द उच्चारताच मराठी मनासमोर अंतरपाट, मंगलाष्टके आणि सप्तपदी उभी राहते. परंतु त्याच विवाहाचे एक दुसरे रूपही आहे. ते नोंदणी कार्यालयातील जाड वहीत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत आणि रुग्णालयाच्या अर्जातील ‘रुग्णाशी नाते’ या लहानशा रकान्यात वास करते. पहिल्या रूपाला आपण संस्कार म्हणतो, दुसऱ्याला नोंद. समलिंगी व्यक्तींच्या विवाहासंबंधी आपल्या देशात जो वाद चालू आहे, त्यात ही दोन रूपे एकमेकांत इतकी गुंतली आहेत की, वाद नेमका कशाविषयी आहे याचाच पुष्कळदा विसर पडतो. तो गुंता यथाशक्ति उलगडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सागरची हकीकत

हा प्रश्न महानगरांतील मूठभर सुखवस्तू लोकांचा आहे, असे वारंवार म्हटले जाते. सन 2023 मध्ये केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयापुढे याच आशयाचा आक्षेप नोंदविला होता. आपल्या मध्य प्रदेशातील वाचकांना तरी तो सहजी पटू नये. 1987 च्या अखेरीस भोपाळच्या सशस्त्र पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी सागर येथे परस्परांशी विवाह केला. पुढील वर्षाच्या प्रारंभी ही वार्ता वृत्तपत्रांतून देशभर पसरली आणि त्या दोघींना नोकरीतून दूर करण्यात आले. पोलीस शिपायाची नोकरी करून पोट भरणाऱ्या स्त्रियांना अभिजन कोण म्हणेल? मराठी रंगभूमीपुरते बोलायचे तर, विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात स्त्रीला स्त्रीविषयी वाटणाऱ्या ओढीचा विषय 1981 सालीच प्रेक्षकांपुढे मांडला होता. हा विषय नवा नाही. त्याविषयी उघडपणे बोलणे नवे आहे.

कायदा कोणत्या वाटेने आला

धर्मविधीवाचून केवळ नोंदीने होणारा विवाह ही कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षांची जुनी आहे. मूर्तिपूजा आणि जुने विधी नाकारणाऱ्या ब्राह्मो मंडळींना आपले विवाह कायद्याने वैध ठरतील की नाही, ही चिंता होती. केशवचंद्र सेन यांच्या खटपटीने 1872 साली त्यासाठी कायदा झाला. परंतु त्याखाली विवाह करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आदी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. विवाह हवा तर धर्म सोडा, अशीच ती अट होती.

ही अट शिथिल करविणारे गृहस्थ सागरचेच, हा एक विलक्षण योगायोग होय. पुढे 1946 साली ज्यांनी सागर विद्यापीठाची स्थापना केली, त्या डॉ. हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने 1923 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापला धर्म न सोडता परस्परांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अट साफच काढून टाकली. इकडे बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. अशा प्रत्येक पावलाला ‘धर्म बुडेल’ या भीतीने विरोध झाला. धर्म बुडाला नाही. ज्यांना होमहवन हवे होते त्यांच्या घरी ते चालूच राहिले. ज्यांना नको होते वा जे करू शकत नव्हते, त्यांच्यासाठी नोंदणी कार्यालयाचे दार उघडले.

मात्र 1954 च्या कायद्यातही वराचे वय 21 आणि वधूचे 18 असे लिहिले आहे. ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशा शब्दांनी आरंभ करणारे कलम पुढे पुरुष आणि स्त्री यांच्यापाशी येऊन थांबते. सारा न्यायालयीन वाद या जागी उभा राहिला.

गोमंतकातील वाचकांना याची दुसरी बाजू ठाऊक असेल. तेथे पोर्तुगीज अमलातील नागरी कायद्यामुळे विवाहाची नोंद सर्व धर्मीयांना अंगवळणी पडलेली आहे. तथापि 1910 च्या पोर्तुगीज विवाहकायद्याने विवाहाची व्याख्याच भिन्न लिंगांच्या दोन व्यक्तींमधील करार अशी केली होती. पोर्तुगालने 2010 साली समलिंगी विवाहास मान्यता दिली. गोव्यात मात्र त्या देशाने मागे टाकलेली जुनी व्याख्याच राहिली.

न्यायालयाने काय म्हटले

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या 377 व्या कलमाचा अर्थ मर्यादित करून प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. जो गुन्हा नाही त्याला नाते म्हणून मान्यता मिळेल काय, हा प्रश्न त्यानंतर ओघानेच आला. एप्रिल व मे 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे दहा दिवस सुनावणी झाली आणि 17 ऑक्टोबर 2023 रोजी निर्णय लागला.

विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्याचे शब्द बदलून वाचणे हे न्यायालयाचे काम नव्हे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. पारलिंगी व्यक्तीचा भिन्नलिंगी जोडीदाराशी होणारा विवाह प्रचलित कायद्यांनुसार वैध आहे, हेही सर्वांनी मान्य केले. मतभेद झाला तो पुढे. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांच्या मते अशा जोडप्यांचे सहजीवन मान्य करून त्यांना त्यातून निघणारे हक्क देणे शासनाचे कर्तव्य होते, आणि त्यांना दत्तकापासून वंचित ठेवणारा नियम घटनाबाह्य होता. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांनी हे नाकारले. बहुमत त्यांचे होते. तोच निर्णय ठरला. 9 जानेवारी 2025 रोजी पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

या निर्णयाने अनेकांची निराशा झाली, परंतु त्यामागील युक्तिवाद पोकळ नव्हता. विशेष विवाह कायद्याचे धागे वारसा, पोटगी आणि घटस्फोट यांच्या अनेक कायद्यांत विणलेले आहेत. ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे शब्द तेथे जागोजागी येतात, आणि त्यांतील काही तरतुदी मुद्दाम पत्नीच्या रक्षणार्थ केलेल्या आहेत. एक धागा ओढला तर सारे वस्त्र नव्याने विणावे लागेल, आणि ते काम संसदेचे आहे, असे बहुमताचे म्हणणे होते.

धर्माचा पक्ष

धर्मपक्षाचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. स्मृतींनी ब्राह्मापासून पैशाचापर्यंत विवाहाचे आठ प्रकार सांगितले. ते सर्व स्त्री-पुरुषांचे आहेत. कन्यादानात कन्या आहे, आणि गृहस्थाश्रमाच्या कल्पनेत संततीने पितृऋण फेडणे आहे. मनुस्मृतीत पुरुषांमधील संबंधाची गणना जातिभ्रंशकारक पापांत आहे. अन्यत्र त्याचे प्रायश्चित्त वस्त्रांसह स्नान एवढेच आहे. इस्लाममध्ये निकाह हा करार असला तरी तो स्त्री-पुरुषांमधीलच होय, आणि 2023 च्या वादात जमियत उलेमा-ए-हिंदने याचिकांना विरोध केला. रोमन कॅथलिक पंथाने डिसेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली. परंतु विवाह स्त्री-पुरुषांचाच, ही शिकवण कायम ठेवली.

ज्या धर्माला ज्या विवाहाचा संस्कार करावयाचा नाही, तो त्याच्यावर लादला जाऊ नये, हे न्याय्यच आहे. परंतु येथेच वाचकांनी थोडे थांबावे. घटनापीठाने सुनावणीच्या आरंभीच धर्माधिष्ठित विवाहकायदे बाजूस ठेवले होते. सुनावणीतील प्रश्न सप्तपदीचा राहिलाच नव्हता. मागितली होती ती नोंद. संस्कार देणे वा न देणे हा धर्माचा अधिकार. नोंद मात्र सरकारी वहीतील आहे, आणि ती वही सर्व नागरिकांची आहे.

नोंद नसते तेव्हा

सुनावणीत दिलेल्या आश्वासनानुसार सरकारने 2024 मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर काही गोष्टी स्पष्ट झाल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते व एकमेकांचे नामनिर्देशन करता येते. शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरचे मानावे. आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह मागता यावा, असे राज्यांना कळविण्यात आले.

या सवलती स्वागतार्ह आहेत; परंतु शेवटच्या सवलतीतील अट पुन्हा एकदा वाचावी. ‘जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर.’ म्हणजे वीस वर्षे ज्याने उंबरठा ओलांडला नाही, तो भाऊ त्या दिवशी आला तर अधिकार त्याचा. वीस वर्षे ज्याने औषधपाणी केले, तो दाराबाहेर. बँकेतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. पैसा अखेर कायदेशीर वारसांचा. मृत्युपत्राने घर देता येते, पण कुटुंबनिवृत्तिवेतन देता येत नाही. दोघांनी मिळून मूल दत्तक घेता येत नाही. एकाच्या नावाने घेतलेल्या मुलाचे, तो एक गेल्यास, दुसऱ्याशी कायद्याने काहीच नाते उरत नाही.

आपल्या समाजात ‘लोक काय म्हणतील’ या भयाने अशा कितीतरी मुलामुलींची लग्ने लावून दिली गेली आणि दोन-दोन आयुष्ये एकाच वेळी कोमेजली. ते दुःख कोणत्याच वहीत नोंदले गेले नाही. समलिंगी विवाह धर्माला मान्य व्हावा की नाही, यावर प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे मत बनवावे. परंतु एखाद्याच्या अखेरच्या आजारात त्याच्या उशाशी कोण बसावे, याचे उत्तर ज्याने आजवर त्याची सेवा केली त्याच्या विरुद्ध जात असेल, तर त्या कायद्यात उणीव आहे, एवढे म्हणण्यास कोणत्याही श्रद्धेची आडकाठी नसावी. ती उणीव दूर करण्याचे काम आता संसदेकडे आहे; आणि संसदेकडे काय मागावे, हे ठरविण्याचे काम आपल्याकडे.