घडाला जीए मोजून देता, पोराच्या दंडात काय जातंय?

द्राक्षाचा मणी ज्वारीएवढा झाला की आपण घड जीएच्या पाण्यात बुडवतो. त्या दिवशी बागायतदाराचा जीव थाऱ्यावर नसतो. पीपीएम किती, पाण्याचा सामू किती, आभाळ आलंय का, मजूर नवे आहेत का, हे चारदा विचारल्याशिवाय बादलीला हात लागत नाही. डोस चुकला तर काय होते हे तासगाव, मिरज, पलूस भागात कुणाला शिकवायला नको. देठ लाकडासारखा ताठ होतो, मणी झडतो आणि खरा दणका बसतो तो पुढच्या साली. काडी दिसायला जोमदार असते, पण घड निघत नाही.

आता दुसरे चित्र बघा. याच बागायतदाराचा सोळा वर्षांचा मुलगा चार महिन्यांत दुप्पट दिसू लागतो. मान जाड होते, दंड शर्टात मावत नाहीत. पाठीवर आणि खांद्यावर मोठाल्या पुटकुळ्या उठतात. घरात बारीकसारीक गोष्टीवरून ताट फेकण्यापर्यंत मजल जाते. आणि बाप पारावर कौतुकाने सांगतो, "पोरगं आता लागीला लागलंय." त्याला कुणी पीपीएम विचारत नाही.

या पानावर एरवी आम्ही भुरी-करप्यावर, हुमणीवर लिहितो. यावेळी विषय वेगळा घेतला, त्याला कारण आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा एक प्लॉट बघायला गेलो होतो. भुरीची पाने बघून झाली, तसे बागायतदारांनी पंपाच्या खोलीतून एक बाटली आणून हातावर ठेवली. "साहेब, हे म्हशीचं औषध आहे का बघा, कुणी आणलंय घरात कुणालाच ठाऊक नाही." बुच सुईने टोचून टोचून चाळणी झालेले. नाव वाचले तर ते स्नायू वाढवणारे स्टेरॉइड. घरात म्हैस एक आणि तालमीत जाणारा मुलगा एक. म्हशीला ते कुणी टोचलेले नव्हते. बाकी त्या घरात पुढे काय झाले ते इथे सांगायचे कारण नाही. पण ती बाटली कोणत्याही चिठ्ठीशिवाय तालुक्याच्या गावी मिळाली होती, एवढे नक्की.

हे औषध काय करते?

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा रस तयार होतो. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे, अंगात ताकद भरणे ही सगळी त्याची कामे. त्याचीच कारखान्यात बनवलेली भावंडे म्हणजे ही ॲनाबोलिक स्टेरॉइड. नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोन अशी त्यांची नावे. यातली काही औषधे रुग्णांसाठी खरोखर लागतात, ती डॉक्टर मोजून देतात. बोल्डेनोन हे तर घोड्याला द्यायचे औषध, आणि आज ते माणसांच्या दंडात जाते. दम्याला किंवा सांधेदुखीला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते वेगळे, त्याचा इथे संबंध नाही. हे वाचून कुणी दम्याचे औषध बंद करू नका.

सोयाबीनवाल्यांना एक गोष्ट माहीत आहे. सोयाबीनला युरिया जास्त टाकला की मुळावरच्या गाठी कामाला लागतच नाहीत. बाहेरून आयते नत्र मिळते, मग गाठी कशाला राबतील? शरीराचे अगदी तसेच. बाहेरून स्टेरॉइड आले की मेंदू अंडकोषाला हुकूम धाडायचे थांबवतो. अंडकोष लहान होतात, शुक्रजंतू घटतात, आणि काही पोरांना तर छाती वाढून लाजेने बनियन काढता येत नाही. औषध थांबवल्यावर गाठी पुन्हा कामाला लागायला महिनोन्महिने जातात, कधी वर्षही जाते, आणि काहींच्या पूर्ण लागतच नाहीत. लग्नानंतर चार वर्षे पाळणा हलला नाही की दोष सुनेला लावायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून हे मुद्दाम उघड लिहिले.

कोवळ्या वयात याहून वाईट एक गोष्ट घडते. उसाला तुरा आला की वाढ संपली, हे आपण जाणतो. मग कितीही पाणी पाजा, कांडी वाढत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती अठरा-वीस वर्षांपर्यंत हळूहळू भरत येते. स्टेरॉइडने ती वेळेआधीच बंद होते. म्हणजे ज्या पोराला उंच, धिप्पाड व्हायचे म्हणून हे टोचले, त्याची उंची तिथेच खुंटते. पंधराव्या वर्षी तुरा!

यकृत, रक्तातली चरबी, रक्तदाब आणि हृदय यांवरचे परिणाम तर मोठ्या माणसालाही चुकत नाहीत. हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि तो दंडासारखा फुगून चालत नाही. त्यात एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती. सांगली जिल्ह्याने एचआयव्हीचे दिवस जवळून पाहिले आहेत, जास्त सांगत नाही.

मुलींबद्दलही बोलले पाहिजे. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि आपल्या जिल्ह्याची प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मुलीला तालमीत धाडणारे आईबाप आता गावात दिसतात, याचा आनंद आहे. पण एवढे ध्यानात ठेवा, मुलीच्या अंगात हे औषध गेले तर पाळी बंद होते, तोंडावर केस येतात आणि एकदा घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावरही माघारी येत नाही.

स्टेरॉइडच्या जोडीला दुसरे एक इंजेक्शन आपल्या भागात फार बोकाळले आहे, मेफेंटरमाइन. हे स्टेरॉइड नव्हे. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम उतरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. पोरे व्यायामाआधी शिरेत घेतात. दम लागत नाही, थकवा कळत नाही, चार बैठका जास्त निघतात. इंजिनाचे पाणी संपलेले कळू नये म्हणून काटाच काढून टाकावा, तसा हा प्रकार. पुढे सवय लागते, झोप उडते, कुणीतरी मारायला येतंय असे भास होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. गेल्या काही वर्षांत सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे भागात याचे साठे पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने पकडले आहेत. पकडले तेवढेच होते असे समजणारा भाबडा म्हणायचा.

मोठ्यांचे पाहून लहान शिकतात

पोरांच्या डोळ्यांसमोर कोण असते? मोबाईलवर अंग दाखवणारे, आणि मैदान मारून गदा उचलणारे. १९८८ साली सोल ऑलिंपिकला कॅनडाच्या बेन जॉन्सनने शंभर मीटर ९.७९ सेकंदांत मारले आणि तीन दिवसांत पदक काढून घेतले, स्टॅनोझोलॉल सापडले म्हणून. ते फार लांबचे वाटेल. जवळचे घ्या. नरसिंग यादव हा तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवून रिओ ऑलिंपिकची जागा देशाला मिळवून दिली. २०१६ च्या जून महिन्यातल्या नमुन्यात मेथँडिएनोन निघाले. आपल्या अन्नात कुणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे होते आणि आजही आहे. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, त्याला १ ऑगस्टला मोकळे केले. पण जागतिक संस्था वाडा क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच चार वर्षांची बंदी आली. कालवल्याचा पुरावा पुरेसा नाही, असे लवादाचे मत पडले.

खरे-खोटे काय ते आम्ही ठरवणारे कोण? बागायतदाराने यातून नियम तेवढा समजून घ्यावा. नमुन्यात सापडले की जबाबदारी खेळाडूची, मग कुणी का दिलेले असेना. आठवा, २०१० साली युरोपात आपली द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाट, म्हणजे आपल्या सीसीसीच्या अंशामुळे. "आम्हाला दुकानदाराने सांगितले होते," हे तिकडच्या प्रयोगशाळेने ऐकून घेतले का? इथेही तसेच.

आपल्या देशाची अब्रूही यात फार राहिलेली नाही. वाडाच्या आकड्यांनुसार २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले, त्यांतले २६० दोषी निघाले. पाच हजारांवर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत जास्त. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत नाडाचे अधिकारी आलेत असे कळल्यावर धावपटू मैदानातून पसार झाले आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकटाच पोरगा धावला! हसू येते, पण तेच लोण भरतीपर्यंत आले आहे. २०२३ च्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीवेळी राज्यात काही ठिकाणी उमेदवारांकडे औषधे आणि सुया सापडल्या. पन्नास गुणांचे मैदान, एका गुणाने जाणारी नोकरी आणि मागे दोन एकर कोरडवाहू. पोरगा काय मनःस्थितीत सुई टोचून घेतो हे आपल्याला कळत नाही असे नाही. म्हणूनच नुसते त्याच्यावर डोळे वटारून भागणार नाही.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळवले, कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणले. जुने सगळे पैलवान साधूसंत होते असे आमचे म्हणणे नाही, तालमीत राजकारण तेव्हाही होते. पण अंग कमवायला आठ-दहा वर्षे लागतात हे वस्तादाला आणि बापाला दोघांनाही ठाऊक होते. आज पोरगा तालमीत घातला की सहाव्या महिन्यात बाप विचारतो, "जोड कधी लावताय?" वस्ताद तरी काय करील? चांगले वस्ताद आजही सुई दिसली की पोराला तालमीबाहेर काढतात. पण काही ठिकाणी डबा, गोळी, सुई सगळे एकाच माणसाकडून मिळते, आणि तो माणूस स्वतःला प्रशिक्षक म्हणवतो.

डब्याचेही ऐकून घ्या. केरळमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून घेतल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेले प्रोटीन आणि आतले प्रोटीन जुळले नाही. १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन निघाले. होय, तेच, भिजलेल्या शेंगेवरच्या आणि मक्यावरच्या बुरशीचे विष. आपण शेंगा विकायला नेल्या तर व्यापारी बुरशी दाखवून भाव पाडतो, आणि तीच बुरशी डब्यातून हजारो रुपयांना घरी येते.

पन्नास किलोच्या कसून मेहनत करणाऱ्या मुलाला दिवसाला सत्तर ते पंच्याऐंशी ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर म्हशीचे दूध १८ ग्रॅम, तीन अंडी १८, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, तेवढीच मटकी भिजवून उसळ केली तर १२, आणि दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या २०. बेरीज ऐंशी. अंडी चालत नसतील तर हरभरा आणि ताक वाढवा. यातले बहुतेक आपल्याच शिवारात पिकते. दूध सगळे डेअरीला घालून पोराला डबा आणणाऱ्या घरांनी हा हिशेब जरा सावकाश वाचावा.

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि यात्रा कमिटीच्या मंडळींना विनंती. शर्यतीत बैल सोडायचा तर त्याला पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. यात्रेच्या फडात सोळा वर्षांच्या पोराची कुस्ती लावताना काय लागते? कमिटीने जोडी नेमताना वय बघावे आणि लहान गटाच्या बक्षिसांचे आकडे भलतेच फुगवू नयेत. ग्रामसभेत एकदा हा विषय घ्यावा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. ग्रामपंचायतीच्या जागेत व्यायामशाळा असेल तर कचऱ्याच्या टोपलीत काय पडते ते झाडणाऱ्या मावशींना विचारावे, त्यांना सगळे ठाऊक असते.

आईबापांनी बाटली ओळखायची कशी? कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आपण बघतो, तशी माणसाच्या औषधावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. ती दिसली की ते चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नव्हे. विना चिठ्ठी मिळाले असेल तर बाटली फेकू नका, तिच्यावर बॅच क्रमांक असतो. अन्न व औषध प्रशासनाला १८०० २२२ ३६५ या क्रमांकावर कळवा.

आणि पोराकडे असे काही सापडले तर आधी हात उगारू नका. औषध अचानक तुटले की शरीरात स्वतःचा रस नसतो आणि बाहेरचाही नसतो. पोरगा खचतो, गप्प बसतो, काहींच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. त्या दिवसांत त्याला शेतावरच्या खोलीत एकटा झोपायला पाठवू नका, आणि तणनाशक-कीटकनाशकाची खोली कुलपात ठेवा. सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्याला घेऊन जा. काय घेतले, किती दिवस घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगू द्या, तेवढा वेळ बापाने बाहेर बाकावर बसावे. सुईची सवय सुटत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.