अळीमिळी… मासा गळी!

वीकेण्डला मॉल आणि मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? मग गळ उचला आणि शिरूर किंवा दौंड गाठा. शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. दौंडला तर पुण्याहून थेट ट्रेन! प्रश्न एवढाच, की गळाला लावायचं काय?

कणकेची गोळी पाण्यात विरघळते. गांडूळ बेस्ट, पण भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत ते सापडणार कुठे? माझा उपाय ऐकून तुम्ही नाक मुरडाल : माशीच्या जिवंत अळ्या. इंग्लंडमध्ये त्या चक्क दुकानात विकत मिळतात. आपल्याकडे मात्र घरचाच कारखाना.

घरचा म्हणजे घरापासून लांब हं! मी एका मित्राच्या शेतात, बांधाकडेला करतो. चिकनवाल्याकडून मूठभर आतडी आणायची, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात टाकायची आणि खाली गव्हाच्या कोंड्याचं घमेलं ठेवायचं. निळ्या-हिरव्या चमकदार माश्या निमंत्रणाची वाट बघत नाहीत. उन्हाळ्यात दिवसभरात अंडी फुटतात, चार-पाच दिवसांत अळ्या टम्म होतात. पोट भरलं, की कोषासाठी कोरडी जागा शोधत त्या आपणहून कोंड्यात पडतात आणि तिथे घोळून साफही होतात.

आता गळ. अळीचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. बोथट टोकावरचे दोन ठिपके डोळे वाटतात, पण ती श्वासाची छिद्रं! त्याच टोकाच्या नुसत्या कातडीतून बारीक गळ ओवायचा. जास्त टोचलं तर अळी फुटते, वळवळ थांबते आणि सगळी गंमत संपते. कारण मासा भुलतो तो त्या वळवळीलाच.

दौंडला एका दुपारी मला नऊ मासे मिळाले. नऊच्या नऊ चिलापी! हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. कमी प्राणवायूच्या, घाण पाण्यातही तो मजेत जगतो. शेजारी नाव बांधणाऱ्या काकांना मी विचारलं, ‘मृगळ, रोहू कुठं गेले हो?’

‘तुमच्या पुण्यालाच इचारा की!’ जाळं झटकत ते म्हणाले.

खरंच आहे. आपल्या फ्लॅटमधलं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि दौंडवरून उजनीत जातं. आपला संडे टाइमपास, त्यांचं मात्र रोजचं पोट.

जाण्यापूर्वी…

* धरणातल्या मासेमारीचे हक्क अनेकदा मच्छीमार संस्थेकडे असतात. आधी विचारा.
* अळ्या हवा लागेल अशा डब्यात, सावलीत ठेवा. रूममेटच्या फ्रिजमध्ये नको!
* डब्यापूर्वी हात साबणानं धुवा.
* छोटा मृगळ किंवा रोहू लागला, तर ओल्या हातानं सोडवून पाण्यात सोडा. तिथे तो आता पाहुणा झालाय.