मिरचीचं रोप लांबतंय? आधी उजेड मोजा

मी बोलतोय बीबीहून, आपल्या लोणार तालुक्यातून. यंदा ऊन लागू नये म्हणून मिरचीचं रोप मी घरातच टाकलं. आठवड्यात रोपं सुतासारखी लांबली अन् आडवी झाली. मला वाटलं, पाणी कमी पडलं. कमी पडला होता उजेड.

डोळा फसवतो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, खोली उजळच वाटते. म्हणून लक्स मीटरचं ॲप घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. स्क्रीन उजेडाकडे करून फोन पानांच्या उंचीवर धरा. भर उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. माझ्या खोलीत आला 250, खिडकीपाशी 3,000, ओसरीच्या कडेला 12,000. अगदी अचूक नसेल, पण फरक कळतो ना!

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. सूर्यप्रकाशात त्याला 54 नं भागा, झाडाच्या कामाचा उजेड अंदाजे मिळतो, मायक्रोमोलमध्ये. खिडकीत 55, ओसरीत 220. मिरचीच्या रोपाला 200च्या आसपास तरी हवाच. गुलाबी एलईडीखाली मात्र हे गणित चालत नाही. तो लाल-निळा उजेड झाड वापरतं, पण लक्समध्ये कमी भरतो.

दुसरा ट्रे मी ओसरीत ठेवलाय. रोपं बुटकी अन् जाड आहेत. तुमच्या खिडकीत किती लक्स येतो, मोजा बरं आजच!