घोरपड गेली, घुमट राहिलं: नादाची तुलना करायची कशी?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात पेडणे आणि डिचोलीकडे घुमटं खाली काढली जातात, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही बाहेर निघते. घोरपडीच्या कातड्याचा तो नाद आता राहिला नाही, बकरीच्या कातड्याला ती सर नाही, असं म्हटलं जातं. हे इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा सांगितलं जातं की त्यावर पुरावा मागणं उद्धटपणाचं वाटावं. पण तो मागायलाच हवा, कारण या एका वाक्याच्या आधारावर बकरीचं घुमट कायमचं दुय्यम ठरवलं जातं आणि ते चांगलं कसं करावं याचा विचार थांबतो. बकरीचं कातडं घोरपडीच्या बरोबरीचं आहे, असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच की ही तुलनाच चुकीच्या पद्धतीने होत आली आहे. घुमटाचा नाद कातड्यात नसतो, तो मडकं, कातडं, ताण आणि वाजवणाऱ्याचा तळवा यांच्या जोडणीतून निघतो. त्या जोडणीतला एकच भाग बदलायचा, बाकीचं जुन्या भागाच्या मापाचंच ठेवायचं आणि मग नव्या भागाला नावं ठेवायची, यात न्याय नाही.

वाद्य दिसायला साधं आहे. भाजलेल्या मातीचं पोटफुगं मडकं, त्याला दोन तोंडं. रुंद तोंडावर न कमावलेलं कातडं ओलं असताना ताणून मढवायचं, काठाखाली दोरीने आवळायचं आणि वाळू द्यायचं. लहान तोंड उघडं राहतं. वादक घुमट आडवं धरून एका हाताने कातड्यावर आघात करतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने ते उघडं तोंड कमी-जास्त झाकतो. तबल्याला गठ्ठे आहेत, ते हातोडीने ठोकून सूर चढवता-उतरवता येतो. इथे तशी सोय नाही. मढवताना जो ताण बसला तो बसला, पुढे ऊन किंवा शेक देणं एवढंच हातात उरतं. जोडीला शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं, म्हणजे काशाच्या झांजा, आणि त्यावर लांबलचक आरत्या, बहुतेक मराठीतल्या. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आलं, म्हणजे तिसवाडी-साष्टीपेक्षा सुमारे अडीच शतकं उशिरा, आणि शेजारच्या सावंतवाडी संस्थानाशी नातं तर त्यानंतरही तुटलं नाही. घरोघरच्या मराठी आरतीची परंपरा या भागात इतकी सलग का राहिली, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. घुमट मात्र एकट्या हिंदूंचं नाही. गोव्यातल्या ख्रिश्चनांच्या मांडो आणि दुल्पद या गाण्यांत व्हायोलिनच्या शेजारी तेच वाजतं.

रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवलं. तिची शिकार करणं किंवा तिचं कातडं बाळगणं हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. पुढे २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मान मिळाला तो वाद्याला, आणि त्याचं जुनं कातडं तर बेकायदा ठरलेलं. या विसंगतीवर बोट ठेवणारे म्हणतात की सरकारने देह राखला आणि प्राण काढून घेतला. टोला चांगला आहे, पण कातडं म्हणजेच प्राण हे त्यात आधीच गृहीत धरलेलं आहे, आणि तपासायचं आहे ते नेमकं हेच.

घुमटातून दोन वेगळे आवाज निघतात. पहिला कातड्याचा. तबल्याच्या पुडीवर शाई असते, आणि त्या शाईच्या वजनामुळे पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांक पटींत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ही गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. घुमटाला शाई नाही. साध्या ताणलेल्या पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे येतात, त्यामुळे कातड्याच्या आवाजाला निश्चित सूर मिळत नाही. मिळते ती कडक थाप. दुसरा आवाज मडक्यातल्या हवेचा. पोकळी आणि तिला एक तोंड असलं की आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं गणित बसवलं. आठ लिटर पोकळीचं मडकं आणि सात सेंटिमीटर व्यासाचं उघडं तोंड धरलं तर हवेचा सूर कागदावर सेकंदाला सुमारे १४० कंपनांचा येतो. तळव्याने तोंडाचा तीन चतुर्थांश भाग झाकला की तो ९० च्या आसपास उतरतो. आरतीत ऐकू येणारी ती खोल, घसरत जाणारी घुमार म्हणजे ही उतरण. ती घडवतात कुंभाराने दिलेलं पोट आणि वादकाचा तळवा. कातड्याचं काम त्या हवेला धक्का देण्याचं. म्हणजे ज्या आवाजावरून घुमट ओळखलं जातं, त्याचा मोठा वाटा डिचोलीच्या चाकावर आणि भट्टीत ठरतो, खाटकाकडे किंवा रानात नाही.

मग कातड्याने फरक पडतच नाही? पडतो, आणि चांगलाच पडतो. ताणलेल्या पडद्याचा सूर ताण आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. बकरीचं कातडं साधारणपणे घोरपडीच्या कातड्याहून जाड. समजा, ते तेवढ्याच क्षेत्रफळात दुप्पट वजनाचं भरलं आणि मढवणाऱ्याने सवयीनुसार पूर्वीइतकाच ताण दिला. सूर दोनाच्या वर्गमुळाने खाली येईल. गाणाऱ्याच्या हिशोबात हे अंतर षड्ज ते तीव्र मध्यम एवढं आहे, म्हणजे अर्धं सप्तक. असं घुमट ऐकून कोणीही 'बसका आवाज' म्हणेल, आणि म्हणणाऱ्याचं चूक नाही. चूक आहे ती दोष बकरीवर टाकण्यात. जुना सूर हवा असेल तर ताण दुप्पट हवा, नाहीतर कातडं तासून निम्म्या वजनावर आणायला हवं. ताण दुप्पट करायचा तर तो सोसणारा काठ हवा, कारण दोरीचा सगळा भार मातीच्या त्या कडेवर येतो. तेव्हा बकरीच्या घुमटासाठी मडक्याचा काठ जाड, त्याखालची खाच खोल आणि कातडं करडाचं, चरबी नीट खरवडून पातळ केलेलं हवं. घोरपडीच्या मापाने घडवलेल्या मडक्यावर बकरीचं जाड कातडं सैल बसवायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं, असं करून कातड्याबद्दल काहीच कळत नाही.

ही गल्लत एकट्या गोव्यात होत नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तर तिच्यात पैसे घालवतात. या गिटारीत तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात, आणि पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते, तर गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी केलेला आणि १९५७ पासून गिटारींवर दिसू लागलेला दुहेरी वेटोळ्याचा पिकअप विजेची घरघर मारणारा होता. पहिल्याचा आवाज धारदार, दुसऱ्याचा गुबगुबीत, हे वादकांना पाठ असतं, आणि योग्य आवाजाच्या शोधात ते एकामागून एक पिकअप बदलत राहतात. आता जरा हिशोब करू. पिकअपचा आवाज कोणत्या उंचीवर उठून दिसतो, हे त्याच्या वेढ्यांबरोबरच गिटार ते अ‍ॅम्प्लिफायर जाणाऱ्या केबलच्या विद्युतधारितेवरही ठरतं. पाच मीटर केबल लावली तर स्ट्रॅटचा उठाव साधारण ४,१०० कंपनांवर आणि गिब्सनचा ३,१०० च्या जवळ येतो. स्ट्रॅटला दहा मीटर केबल लावा, तिचाही उठाव ३,००० वर येऊन बसतो. पिकअपला हात न लावता, नुसत्या लांब वायरने उठावातला फरक पुसला गेला. आवाजातला सगळा फरक नाही, कारण चुंबकाचा आकार आणि तो तारेचा किती भाग 'ऐकतो' हे वेगळंच राहतं. पण केबल न मोजता पिकअपवर निकाल देणारा गिटारवादक आणि काठ न तपासता कातड्यावर निकाल देणारा आरतीवाला एकाच चुकीत सापडलेले आहेत. त्यात आणखी एक फसवणूक असते. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला जास्त भरीव आणि चांगला वाटतो, आणि तो फक्त मोठा आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा येतो की यंत्राचं गणित वेगळं आणि कसलेल्या कानाचं वेगळं, तयार वादकाला जुनं वाद्य हातात येताच कळतं. या विश्वासाची परीक्षा व्हायोलिनच्या जगाने घेतली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे २१ अनुभवी वादकांना काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, दोन स्त्रादिवारीची आणि एक ग्वार्नेरीचं. सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्त्रादिवारी, बहुतेकांनी घरी न्यायला निवडलं ते नवं, आणि कोणतं जुनं हे ओळखणं त्यांना जमलं नाही. हॉटेलच्या खोलीत काय ऐकू येणार, अशी टीका झाली, तेव्हा पॅरिसजवळ दहा नामांकित एकल वादकांना घेऊन, सभागृहासह, पुन्हा चाचणी झाली. निकाल त्याच बाजूचा लागला. यावरून घोरपड आणि बकरी सारखीच, असं सिद्ध होत नाही. नाव आणि प्रतिष्ठा कानाच्या आधी बोलतात, इतकंच सिद्ध होतं, आणि या वादात तेवढंही पुष्कळ आहे.

खरा जड आक्षेप पावसाचा. चवथ भाद्रपदात येते, हवा ओलसर असते, भिंतींना ओल सुटलेली असते. बकरीचं कातडं दमट हवेत ढिलं पडतं, घोरपडीचं तसं पडत नाही, म्हणून ते श्रेष्ठ, असं सांगतात. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्यावर शंका घ्यायला दक्षिणेतली कंजिरा पुरेशी आहे. फणसाच्या लाकडाच्या चौकटीवर परंपरेने घोरपडीचंच कातडं मढवलेलं हे वाद्य, आणि त्याचे वादक मैफलीआधी कातड्याला आतून पाणी लावतात ते सूर उतरावा म्हणूनच. घोरपडीचं कातडं पाणी मानत नसतं तर त्या पाण्याचा उपयोग काय झाला असता? ते मानतं. फार तर कमी वेगाने किंवा कमी प्रमाणात मानत असेल. ओल हा दोन्ही कातड्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावर उपाय मढवण्याच्या हंगामात आणि शेक देण्यात शोधायला हवा. भर पावसात मढवलेलं कातडं उन्हाळ्यात वाळून इतकं ओढतं की काठाला तडा जाऊ शकतो. कोरड्या दिवसांत पुरेसा ताण देऊन मढवलेलं भाद्रपदात उतरतं, पण उतरून नेमक्या सुराला यावं असा अंदाज आधीच धरता येतो. तो अंदाज बकरीच्या कातड्यासाठी नव्याने बांधावा लागेल. घोरपडीचा अंदाज पिढ्यांनी बांधला होता, बकरीला अजून तेवढा वेळ मिळालेला नाही.

एवढा खटाटोप कशाला, सरळ प्लास्टिक लावा, असंही कोणी म्हणेल. पाश्चात्त्य ड्रमवर १९५७ च्या सुमारास पॉलिएस्टरचा पडदा आला आणि काही वर्षांत वासराचं कातडं मागे पडलं, हवामानाची कटकटही मिटली. पण ते वाद्य काठीने वाजतं. उघड्या हाताने वाजणाऱ्या वाद्याला गुळगुळीत प्लास्टिक थोडं परकंच वाटतं, असं माझं मत. तरी तोही रस्ता बंद म्हणता येत नाही. चीनच्या अरहू या तंतुवाद्याला अजगराचं कातडं लागतं. त्यावर निर्बंध कडक झाल्यावर हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने पॉलिएस्टरच्या पडद्याची वाद्यं तयार केली आणि अख्खा वाद्यवृंद त्यांवर नेला. त्यांनी नुसतं कातडं काढून प्लास्टिक चिकटवलं नाही, पडद्याबरोबर ध्वनिपेटीच्या रचनेवरही काम केलं. घुमटाच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं. मडकं कुंभाराकडून येतं, कातडं दुसरीकडून, मढवतो तिसराच, आणि वाजवणारा या तिघांनाही कधी एकत्र गाठत नाही.

न्याय्य तुलना करायची तर काय लागेल? एकाच हाताने, एकाच मातीतून घडवलेली, एकाच भट्टीत भाजलेली मडकी, सारखा ताण नव्हे तर सारखा सूर, आणि पडद्याआडून ऐकणारे कान. यातलं बाकी सगळं जमेल, पण नवं घोरपडीचं कातडं मढवणं गुन्हा आहे आणि तसाच राहायला हवा. उरतात ती जुनी, वाळून कडक झालेली घुमटं, ध्वनिमुद्रणं आणि आठवण. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन कुठे होता यावर अर्धा आवाज ठरतो, आणि आठवणीतला सूर दर वर्षी थोडा चढतच जातो. तेव्हा 'बकरी घोरपडीइतकी आहे का' हा प्रश्न कधीच सुटणार नाही, आणि न सुटणाऱ्या प्रश्नावर एका वाद्याचं भवितव्य टांगून ठेवण्यात शहाणपण नाही. सुटण्याजोगा प्रश्न आरतीकडूनच येतो. काशाचा खणखणाट आणि भरलेल्या घरातले चढे आवाज यांच्या खालून घुमार ऐकू येते का? द्रुत लयीत प्रत्येक थाप सुटी राहते का? तळवा दाबला की सूर सलग उतरतो की मध्येच तुटतो? रात्रभर आरत्या झाल्यावर पहाटेला आवाज कितपत टिकतो?

एक गोष्ट मात्र या परीक्षेत बसत नाही. खवल्यांचं कातडं बोटांना वेगळं लागतं, आणि ज्याने आयुष्यभर त्यावर हात चालवला त्याला बकरीच्या गुळगुळीत कातड्यावर थाप घसरल्यासारखी वाटली तर ती तक्रार खरी आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येते, वाजवणाऱ्याच्या बोटांवर नाही. त्यासाठी कातडं किती तासायचं, त्याची कोणती बाजू वर ठेवायची, पाठीकडचा भाग घ्यायचा की पोटाकडचा, हे वादकाला शेजारी बसवूनच ठरवावं लागेल. घुमट आरतीच्या स्पर्धांत वादनाबरोबर वाद्याच्या घडणीलाही गुण ठेवले आणि परीक्षकांनी ते पडद्यामागून ऐकून दिले, तर डिचोलीचा कुंभार, कातडं मढवणारा आणि पेडण्याचा वादक यांना एका ओसरीवर बसायला निदान एक निमित्त मिळेल.