पाहुणे येऊ द्या, पट्टा सांभाळा!

मे-जूनमध्ये काजवे बघायला अकोले तालुक्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. पुरुषवाडीसारख्या महादेव कोळ्यांच्या गावात पाहुणे आदिवासींच्याच घरी उतरतात, नागलीची भाकरी खातात, चार पैसे घरात येतात. याला आमचा विरोध नाही. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, 'बाएफ' संस्थेने साथ दिली, २०२० ची पद्मश्री मिळाली. संस्थेची मदत असावी तर अशी. बियाणे बाईंचे, नावही बाईंचेच!

पण सर्वत्र असे घडते काय? शेत आदिवासीचे, फलक रिसॉर्टवाल्याचा आणि सेंद्रिय तांदळाचा भाव ठरवणारा तिसराच, हा प्रकार आम्हाला मान्य नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तो वारसांकडेच जातो. नवरा-बायको दोघांचीही नावे त्यावर लागतात. पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही याच कायद्यात आहे, हे किती संस्था सांगतात? तेव्हा पर्यटनाचा कागद कुणी पुढे केला, तर अंगठा उठवण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. मुदत किती, हिस्सा किती, करार मोडण्याचा अधिकार कुटुंबाला आहे की नाही? आणि घरच्या बाईला विचारले आहे काय?